दाताच्या दवाखान्यात मार दिसला तर काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दाताच्या दवाखान्यात मी १९ वर्षं आहे. काउंटरही सांभाळते आणि खुर्चीजवळ मदतीलाही असते. नवी पोरगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला मी हे सगळं सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. चार वर्षांचा एक पोरगा आला. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी बारीक दोरी फाटलेली, गाल सुजलेला. बाप आत डॉक्टरांना म्हणाला, जिन्यावरनं पडला. आजी बाहेर बाकावर मला म्हणाली, पलंगावरनं पडला. दोन्ही माझ्या कानांवर पडलं आणि मी गप्प राहिले. आत रक्त थांबवलं, औषध लिहून दिलं, ती माणसं गेली. परत आली नाहीत. केसपेपरवर एकच शब्द: ‘पडल्यामुळे’. त्या पोराचं काय झालं हे मला आजही माहीत नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

आता बघायचं काय. पोरं पडतातच. गुडघा, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी इथं खरचटलेलं, काळंनिळं झालेलं असणं रोजचं आहे. चालायला शिकणाऱ्या लेकराची ओठाची ती दोरी पडूनही फाटते. पण अजून रांगतही नाही अशा बाळाची फाटली असेल तर चमचा किंवा बाटली जबरदस्तीनं तोंडात घातली असेल का, हा विचार डॉक्टरांच्या कानावर घालायचाच. कान, कानामागची जागा, गालाचा मऊ भाग, गळा, दंडाची आतली बाजू इथले वळ सहसा पडून होत नाहीत. बोटांसारखे समांतर पट्टे, चावल्याच्या खुणा, ओठावर चटका दिसला तर थांबायचं. डागाच्या रंगावरून ‘हे चार दिवसांपूर्वीचं’ असं ठरवायला मात्र जाऊ नका, तो अंदाज फसतो. टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथले लाल ठिपके जोराच्या खोकल्यानं, उलटीनंही येतात. पण लैंगिक अत्याचाराचीही ती खूण असू शकते. ते डॉक्टरांनी बघायचं. आपण फक्त म्हणायचं, “मॅडम, टाळू एकदा परत बघता का?”

किडलेल्या दातांबद्दल माझं मत पक्कं आहे. उसाच्या हंगामात तोडीला आलेल्या कुटुंबांची लेकरं येतात, अख्खी दुधाची बत्तीशी काळी. आई पहाटे फडात जाते, दिवस बुडाल्यावर खोपीवर येते. तिला निष्काळजी म्हणायला जीभ धजत नाही. तिला संध्याकाळची शेवटची वेळ द्या, एकाच फेरीत जमेल तेवढं करा, पैशाचं नंतर बघा. हेळसांड वेगळी असते: पू झालाय, पोर रात्रभर रडतंय, तीनदा समजावून सांगितलंय, यायची सोय आहे आणि तरी आणत नाहीत. म्हणून प्रत्येक चुकलेली तारीख आणि आपण केलेला प्रत्येक फोन लिहून ठेवायचा. ती नोंदच पुढं बोलते.

लेकराशी बोलताना “बाबांनी मारलं का?” असं कधी विचारू नका. “काय झालं रे बाळा?” एवढंच, आणि मग गप्प बसायचं. खोदून विचारणं आपलं काम नाही. “कुणाला सांगणार नाही” असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार असतं. पोर बोललं तर ‘मामानं लाटण्यानं हाणलं’ हे तसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी केसपेपरवर. तारीख, वेळ, सोबत कोण होतं, कुणी काय सांगितलं, आणि जखम कुठं, किती मोठी याचं साधं चित्र. आपला निष्कर्ष लिहायचा नाही. फोटो डॉक्टर दवाखान्याच्या नोंदीसाठी काढतील; आपल्या मोबाइलवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर कधीच नको.

कळवायचं कुठं? १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. जीवाला धोका वाटला तर ११२. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याची नुसती शंका आली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, आणि ही सक्ती डॉक्टरांइतकीच आपल्यावरही आहे. घडल्याचं माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला चालत नाही. खात्री करून घेणं आपलं काम नाही, ते पोलिसांचं. पोलिसांनी नोंद लिहिली की ती वाचून दाखवायला सांगा आणि नोंद क्रमांक घ्या. घरची माणसं घाबरलेली असतात, त्यांना सांगा: जबाब घ्यायला पोलीस साध्या कपड्यांत घरी येतात, लेकराचं नाव बाहेर येत नाही. तपासणीसाठी दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवताना चिठ्ठी द्या, शक्य असेल तर कुणीतरी सोबत जा. संशय ज्याच्यावर आहे तोच सोबत आला असेल तर त्याला काही बोलायचं नाही. लेकरू त्याच्याबरोबरच घरी जाणार असतं.

म्हाताऱ्या माणसांचं निराळं. एक आजी कवळीला यायच्या. विचारावं त्यांना, उत्तर मुलानं द्यावं. मी “एक्स-रे काढायचाय, तुम्ही बाहेर थांबा” म्हणून त्यांना एकटीला आत नेलं. तेव्हा कळलं, कवळी मोडून वर्ष झालं होतं, आणि आजी चहात भाकरी भिजवून खात होत्या. पेन्शनचं पासबुक मुलाकडं. अशा वेळी १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. साठीच्या पुढच्या माणसाला निर्वाहासाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांताकडं अर्ज करता येतो. पण आधी त्यांनाच विचारा, काय हवंय ते. आजींना तक्रार नको होती, कवळी हवी होती. ती आम्ही केली, आणि नंबर कागदावर लिहून त्यांच्या कनवटीला दिला. दिव्यांग माणसाला कुणी छळत असेल तर तहसीलदारांना कळवता येतं, २०१६ च्या कायद्यानं.

आणि आपल्याच खुर्चीत काय होतं तेही बघा. रडणाऱ्या पोराचं तोंड हातानं दाबणं, चौघांनी धरून ठेवणं मला चालत नाही. डावा हात वर केला की आम्ही थांबतो, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवतो आणि पाळतो. लेकरू किंवा भूल दिलेला पेशंट एका माणसाबरोबर बंद खोलीत कधीच नसतो, दुसरं कुणीतरी असतंच.

आमच्या काउंटरच्या काचेखाली तिन्ही नंबर मोठ्या अक्षरांत आहेत. शंका आलेल्या लेकराची पुढची तारीख मी स्वतः लावते, आठवड्याच्या आतली. त्या दिवशी दुपारपर्यंत आलं नाही तर मी फोन करते. उचलला नाही तर आधीची नोंद समोर ठेवते आणि परत १०९८ लावते.