नगरपरिषद शाळांचा दहा वर्षांचा आराखडा: बैठकीला बसण्याआधीची तयारी

शाळांसाठी दीर्घकालीन आराखडा करायचं ठरलं की बहुतेक नगरपरिषदांत पहिली फाईल फिरते ती रंगरंगोटीची. बोलक्या भिंती, डिजिटल वर्ग, प्रवेशद्वाराची कमान. यात वाईट काही नाही, पण हे सगळं एक-दोन आर्थिक वर्षांत उरकणारं काम आहे. दहा वर्षांचा विचार करायचा तर टेबलावर आधी दोन याद्या हव्यात: हद्दीत राहणाऱ्या शून्य ते चौदा वयाच्या मुलांची आणि शाळा-क्रीडांगणांसाठी आरक्षित असलेल्या जागांची. या दोन नसतील तर बैठक पुढे ढकललेली बरी.

मुलांची यादी ठेवणं ही हौसेची गोष्ट नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ नुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, म्हणजे नगरपरिषदेचंच. येत्या सहा वर्षांत पहिलीत बसणारी मुलं आज जन्मलेली आहेत आणि जन्मनोंदणी विभाग बहुधा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आहे. तिथून मागच्या सहा वर्षांचे आकडे वर्षनिहाय मागवा. मात्र ते जसेच्या तसे वापरू नका. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते. शहरात प्रसूतिगृहं असतील तर आसपासच्या खेड्यांतल्या बाळांची भर तुमच्या आकड्यात पडलेली असते. उलट पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्याने तुमच्याच गल्लीतली मुलं दुसऱ्या तालुक्याच्या नोंदवहीत असतात. म्हणून नोंदीतला आईच्या राहत्या पत्त्याचा रकाना पाहा आणि अंगणवाड्यांच्या रजिस्टरशी ताळा घ्या. प्रभागातली खरी मुलं अंगणवाडी सेविकेला नावानिशी ठाऊक असतात. तिला बैठकीला बोलावण्याचा शिरस्ता नाही, तो पाडावा.

लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेवर विसंबू नका, आकडे फार जुने झालेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिचे प्रभागनिहाय तक्ते हाती यायला त्यापुढे वेळ जाणार. तोवर नगररचना विभागाकडून मंजूर रेखांकनं (लेआउट) आणि भोगवटा प्रमाणपत्रं (इमारत राहण्यायोग्य झाल्याचे दाखले) प्रभागवार काढून घ्या. शहर कोणत्या अंगाने वाढतंय ते त्यात स्वच्छ दिसतं. जुन्या पेठेत चार शाळा आणि बायपासपलीकडच्या नव्या वसाहतींत एकही नाही, हे चित्र अनेक गावांत सापडेल.

आता पट. एकूण पटसंख्या पाहून काहीच कळत नाही. प्रत्येक शाळेचा सहा वर्षांचा इयत्तावार पट एका कागदावर मांडा आणि तो तिरका वाचा: यंदाची पहिली पुढच्या वर्षी दुसरीत किती उरली, तिसरीत किती, असं. समजा, पहिलीत ३४ मुलं आली, चौथीपर्यंत ३१ टिकली आणि पाचवीत १२ उरली, तर दोष पहिलीच्या प्रवेशाचा नाही. आपल्याकडे पूर्वापार चौथीपर्यंत प्राथमिक अशी रचना होती. कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे केले, तरी कित्येक शाळा चौथीलाच संपतात आणि मुलं पाचवीसाठी खासगी अनुदानित हायस्कूल गाठतात. अशा शाळेला वर्ग जोडायचा, की जवळच्या शाळेशी सलग साखळी बांधायची, हा आराखड्यातला खरा निर्णय आहे. गळतीचं कारण शोधायला दाखल-खारीज रजिस्टर उघडाल तर शाळा सोडण्याच्या रकान्यात पानामागून पान ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच दिसेल. त्यातून काही हाती लागत नाही. दाखला नेलेल्या मुलांच्या घरी जाऊन विचारायला दोन शिक्षक आणि एक शाळा व्यवस्थापन समिती सदस्य पुरेसे आहेत.

पटाचा दुसरा अर्थ शिक्षकांच्या पदांत असतो. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं कोष्टक दिलंय. म्हणजे ५८ पट असलेल्या शाळेत तीन मुलं वाढली तर एका शिक्षकाचा प्रश्न सुटू शकतो आणि ६२ वरून दोन गेली तर तोच शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. उंबरठ्यावरच्या शाळांची वेगळी यादी करा. त्या शाळांच्या परिसरातली अंगणवाडीतून बाहेर पडणारी मुलं जूनमध्ये कुठे जातात, यावर आराखड्याच्या पहिल्या दोन वर्षांचा बराच भार आहे. त्याच बैठकीत सेवापुस्तकांवरून निवृत्तीचा तक्ताही तयार ठेवा. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांतली रिकामी होणारी जवळजवळ प्रत्येक खुर्ची आजच तारखेसह सांगता येते. हा तक्ता नसल्यानेच एका वर्षी एकदम पाच जण गेले की धावपळ होते. भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, शासनाच्या वेळापत्रकाने होते. तुमच्या निकडीने ती हलत नाही. उर्दू किंवा अन्य माध्यमाच्या शाळा असतील तर त्यांचा तक्ता स्वतंत्र करा, कारण तिथली रिक्त पदं मराठी माध्यमाच्या अतिरिक्त शिक्षकांतून भरता येत नाहीत.

जमिनीपाशी मात्र थांबा आणि नगररचनाकाराला शेजारी बसवा. विकास योजनेत, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, ‘प्राथमिक शाळा’ आणि ‘क्रीडांगण’ म्हणून रंगवलेले भूखंड शाळेच्या नावावर झाले असं होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. अशी नोटीस आवक-जावक विभागात येते, तिथून नगररचनेकडे जाते, आणि शिक्षण विभागाला ती आल्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक आरक्षणापुढे चार गोष्टी लिहा: योजना लागू झाल्याची तारीख, दहा वर्षं पुरी होण्याची तारीख, नोटीस आली का, आणि आली असेल तर २४ महिन्यांतले किती उरले. रोख मोबदला झेपत नसेल तर मालकाला विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याचा रस्ता आहे. त्यासाठी बोलणी नोटिशीआधी सुरू झालेली बरी. नव्या वस्तीत एकदा आरक्षण सुटलं की पुढे बाजारभावाने शाळेची जागा घेणं नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचं असतं.

उभ्या असलेल्या शाळांचेही मालमत्तापत्रक किंवा सातबारा काढून पाहा. कुणीतरी दोन पिढ्यांपूर्वी तोंडी दिलेली जागा, बक्षीसपत्र न झालेली, नाव अजून मूळ मालकाचं, अशी प्रकरणं आत्ता मिटवा. वारस वाढत जातात.

इमारतींची पाहणी अभियंत्याबरोबर पावसाळ्यात करा, उन्हाळ्यात सगळ्याच इमारती धडधाकट दिसतात. स्लॅबची गळती, तुळईतली उघडी पडलेली सळई, फुगलेला गिलावा यांचे तारखेसह फोटो घ्या आणि जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मागवा. वापरायोग्य नसलेल्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव आधी, नव्या खोल्यांची मागणी नंतर. नाहीतर कागदावर खोल्या पुरेशा दिसतात आणि मंजुरी अडते. स्वच्छतागृह आहे की नाही एवढं विचारू नका. मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, नळाला पाणी येतं का, आणि सफाई कोण करतं, ते उभं राहून पाहा. युडायस प्लसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या) माहितीत ‘आहे’ असा शेरा असलेल्या गोष्टी जागेवर आहेत का, याची खातरजमाही याच फेरीत होते.

पैशाचं गणित थोडक्यात. घरपट्टीच्या बिलात दिसणारा शिक्षण कर १९६२ च्या कायद्यानुसार राज्य शासनाकडे जमा होतो, तो तुमच्या शाळांच्या खात्यात पडत नाही. नागरिकांचा आणि कधी कधी नगरसेवकांचाही इथे घोटाळा होतो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये वर्षाला. यात खडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती निघते, इमारत नव्हे. इमारतीसाठी जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोगाचा निधी आणि नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न, यांतून कोणत्या वर्षी काय मागायचं ते वर्षनिहाय लिहा.

कमी पटाच्या शाळांवर चर्चा होणारच. विलीनीकरणाचा प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी त्या वस्तीतून प्रस्तावित शाळेपर्यंत सकाळच्या वेळी, पहिलीतल्या मुलाच्या चालीने जाऊन यावं, हे मी हट्टाने सांगेन. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर हे अंतर नियमात आहे, पण नकाशावरच्या सातशे मीटरमध्ये महामार्ग, रेल्वे फाटक किंवा पावसाळी नाला असेल तर ती शाळा शेजारची नाही. वाहतुकीची सोय देणार असाल तर तिचा खर्च दहाही वर्षांच्या अंदाजपत्रकात दाखवा, पहिल्या वर्षापुरता नको. आणि रिकाम्या होणाऱ्या इमारतीचं काय करणार हेही त्याच ठरावात लिहा. बालवाडी, अभ्यासिका, काहीही, पण गाळे नकोत.

प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीचा शाळा विकास आराखडा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असायला हवा. तो मागवा. बऱ्याच ठिकाणी मागच्याच आराखड्यावर नवी तारीख पडलेली मिळेल. तो परत पाठवा आणि पालक सदस्यांच्या उपस्थितीत पुन्हा करून घ्या.

शेवटी कागदपत्रांचा ताबा. मुख्याधिकारी आणि प्रशासन अधिकारी बदलून जातात, नगरसेवकांची मुदत संपते, मधे प्रशासकही येतो. म्हणून आराखडा सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मंजूर करून घ्या, याद्यांची एक प्रत नगररचनेत आणि एक शिक्षण विभागात ठेवा, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट हाती आला की ऑक्टोबरमध्ये मुलांचा, पदांचा आणि आरक्षणांचा तक्ता दुरुस्त करण्याची जबाबदारी पदनामाने एका कर्मचाऱ्यावर टाका.