क्वाइक वापरताय? मग यीस्ट वाळवून ठेवा

नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांत बिअरचं यीस्ट पिढ्यानपिढ्या जपलं गेलं, त्यालाच क्वाइक म्हणतात. लाकडी कड्यांची माळ किंवा गवताचा वेढा यीस्टमध्ये बुडवायचा आणि पुढच्या ब्रूपर्यंत वाळवत टांगून ठेवायचा, इतकं साधं. हे आपणही घरी करू शकतो, आणि प्रत्येक वेळी नवीन पाकीट घ्यायची गरज उरत नाही.

फर्मेंटेशन संपलं की तळाचा यीस्टचा गाळ स्वच्छ चमच्याने काढा, बेकिंग पेपरवर अगदी पातळ पसरा (जाड थर ठेवलात तर आतून ओला राहतो आणि सगळं वाया जातं), आणि ३५ अंशाच्या आत कोरड्या उबदार जागी ठेवा, डिहायड्रेटर असेल तर उत्तमच. कुरकुरीत झालं की चुरा करून हवाबंद पाकिटात भरा आणि सरळ फ्रीजरमध्ये.

वापरायच्या आधी थोड्या कोमट वर्टमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेला, बिअर बनण्याआधीचा गोड रस) चिमूटभर टाकून बघा, फेस आला आणि वास फळांसारखा छान आला तरच मोठ्या बॅचमध्ये घाला, आंबूस किंवा कुजका वास आला तर मोह न करता फेकून द्या.

नॉर्वेतल्या व्हॉस भागातलं क्वाइक असेल तर ३५ ते ४० अंशाला घाबरू नका, उलट त्यातच संत्र्याचा सुंदर वास खुलतो. फक्त हलकी बिअर करत असाल तर यीस्ट न्यूट्रियंट (यीस्टचं पोषक खाद्य) नक्की घाला, कारण हे यीस्ट मुळात दाट, गोड वर्टला सरावलेलं आहे.