बोटीवर कॅसेट नेताय? आधी नाशकातच एवढं करा

शिडाच्या बोटीवर ओरिजिनल कॅसेट नेऊच नका, हे आधीच सांगतो. खाऱ्या हवेने आतले स्क्रू आणि पॅडची पत्ती गंजते, दमटपणाने बुरशी धरते. नाशिकची हवा पावसाळा सोडला तर बरीच कोरडी, म्हणून मूळ कॅसेट घरी कपाटात उभ्या ठेवायच्या आणि बोटीवर फक्त कॉपी.

कॉपी करण्याआधी कॅसेट उजेडात धरून काचेतून रील बघा, कडेला पांढरट पावडर दिसली तर ती बहुतेक बुरशीच, डेकमध्ये घालू नका, हेडवरून (टेप वाचणारा डेकचा भाग) बाकीच्या कॅसेटना पण लागते. मग तोंडाजवळचा फेल्टचा छोटासा पॅड बघा, जुन्यात तो बऱ्याचदा सुटलेला असतो आणि आवाज दबका येतो, लोक उगाच डेकला शिव्या घालतात. स्क्रूवाली कॅसेट असेल तर भंगारातल्या दुसऱ्या कॅसेटचा पॅड बसवता येतो. मागच्या कडेच्या दोन टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी आजोबांचं भजन पुसलं जाणार नाही.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकदा पूर्ण फॉरवर्ड-रिवाइंड मारा, मग डेक कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) जोडा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा आणि वेव्ह फाइल (आवाजाची फाइल) करून ठेवा. सी-९० ला, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या कॅसेटला, एका बाजूचे ४५ मिनिटं लागणारच, घाई करून उपयोग नाही.

तरी एखादी न्यायचीच असेल तर रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. आणि प्लेअर होकायंत्रापासून लांब ठेवा राव, स्पीकरच्या चुंबकाने सुई फिरते.