फॉन्टला सेटअप लागत नाही

नौपाड्यात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गणपतीच्या तोंडावर पाणी प्यायची उसंत नसते. अशातच एका मंडळाला पावतीपुस्तकावर गेल्या वर्षीचंच वळणदार अक्षर हवं होतं. 'फुकट मराठी फॉन्ट' असं शोधलं, झिप उतरवली, आतल्या फाइलवर 'अ'चं चित्र बघून डबल क्लिक केलं. फॉन्ट आला नाही. स्क्रीनभर रमीच्या जाहिराती आल्या, आणि मशीन फॉरमॅट होऊन येईपर्यंत दोन दिवस पावत्या शेजारच्या दुकानात छापल्या गेल्या.

फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, तिला सेटअप लागत नाही. माझ्या फाइलचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, होतं ईएक्सई (म्हणजे प्रोग्रॅम), पण विंडोजने ते झाकलेलं. म्हणून आधी ते उघडं करा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीवरच तो चौकोन आहे. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस याच लपाछपीवर जगभर पसरला: नावात टीएक्सटी दिसायचं, खरं शेपूट व्हीबीएस. आयकॉनवर तर जाऊच नका, तो कुणीही कुठलाही लावतो.

शेपूट दिसलं की प्रश्न एकच: मी मागितलं काय आणि आलं काय? फोटो मागितला तर जेपीजी, बायोडेटा मागितला तर पीडीएफ. त्याजागी ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस किंवा एलएनके असं डबल क्लिकवर काहीतरी चालू करणारं शेपूट आलं तर न उघडता उडवा, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. त्याचं व्हॉट्सॲप दुसराच कुणी चालवत असू शकतो. प्रोग्रॅमच हवा असेल तर बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. मराठी फॉन्ट मी आता गूगल फॉन्ट्सवरून घेतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट तिथे फुकट आहेत. झिपमध्ये टीटीएफ आणि परवान्याचा कागद, बस.

झिप आधी नुसती उघडून आत डोकवा. जिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलाय, तिच्यापासून चार हात लांब. कुलूप लावलेल्या झिपच्या आतलं अँटीव्हायरसला दिसत नाही, म्हणून तर ते लावलेलं असतं.

नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. तिच्यामुळेच वर्डमध्ये वर पिवळी पट्टी येते, आणि २०२२ पासून अशा फाइलमधले मॅक्रो (आत दडलेले छोटे प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्ट आपणहून अडवतं. पण ही खूण एनटीएफएस डिस्कवरच टिकते, म्हणजे विंडोज आपल्या हार्डडिस्कवर जी मांडणी वापरतं तिच्यावर. पेनड्राइव्हची मांडणी बहुधा वेगळी असते, फॅट३२ किंवा एक्सफॅट, त्यावर फाइल टाकली की खूण पुसली. म्हणजे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह माझ्यासाठी मेलपेक्षा वाईट. तो लावला की राइट क्लिक करून विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसने स्कॅन, मगच बाकीचं. आणि वर्ड नको, पीडीएफ द्या म्हणतो. (खरं कारण फॉन्ट. वर्डमधला जुना मराठी मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर गेला की त्याची भजी होतात.)

शंका उरली तर व्हायरसटोटलच्या साइटवर फाइल टाका, अनेक अँटीव्हायरस एकदम तपासतात. पण तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. आधार, भाडेकरार, पगाराची स्लिप तिथे कधीही टाकायची नाही.

मोबाइलवर 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके आली तर इन्स्टॉल करू नका. एपीके म्हणजे ॲप, पत्रिका नव्हे. चलन परिवहन खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. चुकून टाकलीच, तर आधी नेट बंद. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

राहता राहिलं डाउनलोड्स फोल्डर. माझ्याकडे दिवसभरात पन्नासेक लोकांची आधार कार्डं त्यात साठतात. शटर ओढण्याआधी सगळी शिफ्ट-डिलीट करतो. तुम्ही कुठल्याही दुकानात प्रिंट काढलीत, तर काउंटरवर उभं राहून आपली फाइल उडवायला सांगा, आणि व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर लॉगआउट करूनच निघा. माझ्याकडे आलात तर मी स्क्रीन तुमच्याकडे वळवून देतो.