तिसऱ्या खायच्या की नाही? घेण्याआधी हे बघा

गौरी-गणपती झाले की पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या छोट्या शिंपल्यांचे, वाटे लागतात आणि मग घरोघरी तोच प्रश्न, यात म्हणे शिसं-कॅडमियम असतं, मग खायच्या की नाही? माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, परवा तिनेही फोन करून हेच विचारलं, म्हणून नीट लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे धुवून जात नाही. आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, थोड्या वेळाने त्या तोंड उघडून दोन बारीक नळ्या बाहेर काढतात, तळाला वाळू बसते आणि आपल्याला वाटतं झाल्या स्वच्छ. पण खाडीत असताना याच नळ्यांनी त्या दिवसभर पाणी ओढून गाळत असतात आणि त्या पाण्यातला धातू त्यांच्या मांसात साठत जातो. वाळू निघते, धातू नाही. उकळा, कोकम घाला, लिंबू पिळा, तो काही जंतू नाही शिजवल्यावर मरायला.

म्हणून खरं काम बाजारातच करायचं. ‘मावशी, माल कुठला?’ हे विचाराच. ठाणे खाडीसारखी, काठाला कारखाने असलेली खाडी असेल तर मी घेत नाही, आणि उत्तर टाळलं तरी नाही, त्या दिवशी सरळ बांगडे घ्यावेत. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणचा माल नको. आणि आपल्या मुळा-मुठेत शहराजवळ पकडलेले शिंपले, खेकडे कुणी फुकट दिले तरी नको.

आता किती खायच्या. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमची मर्यादा ठरवली, वजनाच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीड मिलिग्रॅम. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांना कॉडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) कमाल मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम आहे. माल अगदी त्या मर्यादेवर असेल असं धरलं तर पाऊण किलो मांसात महिन्याचा कोटा संपला (शिंपल्यासकट वजन नव्हे, नुसतं मांस), आणि भातातून, पालेभाजीतून थोडं येतंच असतं ते वेगळं. मोठ्यांनी महिन्यातून दोन-तीनदा एकशिपी (मांस एकाच शिंपीत ठेवून करतात ती) करून खाल्ली तर मला त्यात भीती वाटत नाही, पण १५ किलोच्या पोराचा हिशोब त्याच्या चौथाईवर येतो, त्याला दोन-चार चमचे पुरे.

चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, वेगळं आहे. पाठीच्या कवचातला तो तपकिरी-पिवळा गर, ज्यावरून घरात भांडणं होतात, तिथेच कॅडमियम जास्त साठतं. युरोपातली मर्यादासुद्धा फक्त पांढऱ्या मांसाला लावलेली आहे! नांग्या-पाय खा, गर मुलांना देऊ नका. कोळंबीचं डोकंही काढूनच टाका.

एवढं जपायचं कारण म्हणजे कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि १० ते ३० वर्षांत जेमतेम निम्मं बाहेर पडतं, पुढे हाडंही ठिसूळ होतात. शिशाची तर सुरक्षित पातळीच नाही, पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. अंगात लोह कमी असेल तर शरीर कॅडमियम जास्त शोषतं, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं ते सांगायला नको, त्यामुळे ते आधी तपासून घ्या. सिगारेटमधूनही कॅडमियम येतं, घरात ओढणारं कुणी असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

पारा म्हटलं की जपानचं मिनामाता आठवतं, १९५६ मध्ये तो आजार उघडकीस आला, कारखान्याने खाडीत सोडलेला पारा तिथल्या मासे-शिंपल्यांतून लोकांच्या पोटात गेला होता. एरवी तिसऱ्यांत पारा कमीच असतो, तो जास्त असतो मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत. म्हणून बहिणीला सांगितलं, मुशी बाळंत होईपर्यंत बंद, तिसऱ्या क्वचित, माहितीतल्या ठिकाणच्या, टिचकी मारल्यावर तोंड मिटणाऱ्या, पूर्ण शिजवून आणि एक वाटीच, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना लोहाचं विचारून ये.