अशेरा शोधायचीय? मग तिला जाळणाऱ्यांचंच आधी वाचा

बायबलच्या जुन्या करारातल्या लोकांना अशेरा नावाची देवी होती का, असा प्रश्न पडला की बरेच जण दोन व्हिडिओ बघतात आणि "यहोवाची (म्हणजे त्यांच्या देवाची) बायको होती" म्हणून मोकळे होतात. प्लीज असं नका करू, मजकूर मराठीत आहे, तीन-चार रविवार पुरतात, मी कसं वाचलं ते सांगते.

आधी पवित्र शास्त्राची दोन वेगळी भाषांतरं जवळ ठेवा. पंडिता रमाबाईंनी आपल्या दौंड लाइनवरच्या केडगावात राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं, १९२२ मध्ये गेल्या तोवर त्या या कामात होत्या, ते मिळालं तर फारच छान. दोन का, तर "अशेरा" हा शब्द हिब्रूत चाळीसेक वेळा येतो पण जुन्या ग्रीक आणि इंग्रजी भाषांतरांत त्याची चक्क राई झाली, झाडांची राई, आणि नावच गेलं. म्हणून राई, खांब, मूर्ती असं काही दिसलं की दुसऱ्या प्रतीत तीच ओवी बघा.

मग वहीचे दोन भाग करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पंढरपूरला रुक्मिणी वेगळ्या देवळात उभी आहे आणि शिवाय आपण विठ्ठलालाच विठाई, माउली म्हणतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? तसंच इथे. देवाशेजारची देवी एका भागात, देवालाच आई म्हटलेल्या जागा दुसऱ्या भागात. लोक हे दोन्ही कालवतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

पहिल्या भागासाठी बायबलमधलं "२ राजे" हे पुस्तक, अध्याय २१ आणि २३. मनश्शे राजा यरुशलेमच्या मंदिरातच अशेरेची मूर्ती बसवतो, पुढे योशीया राजा (साधारण इ.स.पू. ६२२) ती बाहेर काढून किद्रोन ओढ्याकाठी जाळतो, तिची राख करतो. लिहिणारा तिचा कट्टर विरोधक आहे आणि म्हणूनच ही साक्ष इतकी मोलाची, कारण नसलेली गोष्ट कोण कशाला जाळेल. २३:७ वर जरा थांबा. मंदिराच्या आवारात बायका अशेरेसाठी विणकाम करत बसायच्या, हिब्रूत शब्द "घरं" असा आहे पण बहुतेक जण पडदे किंवा वस्त्रं समजतात. देवीला साडी नेसवणाऱ्या आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको. १ राजे १८ पण बघा, एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत बाल नावाच्या देवाचे ४५० संदेष्टे आणि अशेरेचे ४००, बालाचे मारले जातात, अशेरेच्यांचं पुढे नावच नाही. (हाच एलीया म्हणजे आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांतला एलियाहू हानबी, ज्याच्या नावाने मलिदा करतात. पण पुण्यातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाऊन तिथल्या लोकांना अशेरेबद्दल छेडू नका हं, ते एकच देव मानणारे आहेत, त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा.)

आता जमिनीतला पुरावा. १९२९ पासून सीरियात उगारितला खोदकाम झालं, तिथल्या मातीच्या पाट्यांवर एल देवाची पत्नी अथिरत आहे, देवांची आई, ती अशेरेची थोरली बहीणच समजा. सिनाईत कुंतिलेत अजरूदला १९७५-७६ मध्ये मोठे रांजण मिळाले, इ.स.पू. ८०० च्या आसपासचे, त्यावर आशीर्वाद लिहिलाय, "शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा". घाई करू नका इथे. हिब्रूत विशेषनामाला "त्याची" सहसा लागत नाही, त्यामुळे ती देवी की तिचं प्रतीक असलेला लाकडी खांब यावर अजून वाद आहे, आणि बाजूच्या चित्रातली जोडी म्हणजे तीच दोघं असंही धरून चालू नका, अनेक अभ्यासकांना ते इजिप्तचे बेस देव वाटतात. मला स्वतःला वाटतं की खांब असला तरी आशीर्वाद मागताना त्याचं नाव घेतलं जातंय, हे काही थोडं नाही.

दुसरा भाग, विठाईवाला. यशया ६६:१३, आई लेकराला धीर देते तसा मी देईन. यशया ४२:१४, वेणा आलेली बाई. दयेसाठीचा "रहमीम" आणि गर्भाशयाचा "रेहेम" एकाच धातूतले. उत्पत्ति १:२ मधला पाण्यावर घिरट्या घालणारा देवाचा आत्मा हिब्रूत "रुआख", स्त्रीलिंगी, क्रियापदही स्त्रीलिंगी, आपल्याकडे "आत्मा" पुल्लिंगी म्हणून ते झाकलं जातं. पण खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून ती बाई होत नाही, तेव्हा नुसत्या व्याकरणावर इमले बांधू नका. त्यापेक्षा नीतिसूत्रे ८ वाचा, तिथे ज्ञान स्वतः बाई होऊन बोलतं, जग घडताना मी देवाजवळ होते म्हणतं. शेखिना (देवाचं जवळ असणं, हाही शब्द स्त्रीलिंगी) हा शब्द मात्र बायबलमध्ये शोधू नका, तो नंतरच्या रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा.

यिर्मया ७ आणि ४४ शेवटी ठेवा, आणि मोठ्याने वाचा. आकाशाच्या राणीसाठी पोरं लाकडं आणतात, बाप जाळ करतात, बाया कणीक मळतात. (ही अशेराच असं नाही, इश्तार किंवा अष्टारोथ या दुसऱ्या देवींपैकीही कोणी असू शकेल, वहीत प्रश्नचिन्ह टाका.) ४४ मध्ये देश उद्ध्वस्त होऊन इजिप्तला पळालेल्या बायका यिर्मया संदेष्ट्याला तोंडावर सांगतात की तिला धूप घालायचं थांबवलं तेव्हापासून आमची उपासमार सुरू झाली, आणि आम्ही हे नवऱ्यांना न सांगता करत होतो की काय? आमच्या घरी हा भाग आईने वाचला, सदाशिव पेठेतल्या खोलीत दुपारी, आणि वाचता वाचता थांबून विचारलं, "मग पुढे काय झालं गं यांचं?" मी पुढची पानं चाळली, यिर्मयाचे शाप आहेत, बायकांचं एकही वाक्य नंतर नाही.