नवी सिस्टीम आणताय? जुनीमुळे होणाऱ्या या चुका टाळा

ऑफिसात सिस्टीम बदलायची ठरली की नवी कोणती घ्यायची यावर महिनोन् महिने बैठका होतात. मी पाहिलेले बहुतेक घोटाळे मात्र जुनीकडे नीट लक्ष न दिल्यामुळे झाले आहेत.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं प्रकरण मी प्रत्येक नव्या टीमला सांगतो. १ ऑगस्ट २०१२ ची सकाळ. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला एक कोड पडून होता. नव्या सोयीसाठी त्याचाच फ्लॅग, म्हणजे कोड चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरलेला. बाजार उघडताच तो जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरींमागून ऑर्डरी सोडत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

म्हणून कामाच्या यादीत ‘काय काढायचं’ हा भाग वेगळा लिहा: जुना कोड, जुने लॉगिन, रात्री आपोआप चालणारे जॉब. प्रत्येकासमोर माणसाचं नाव आणि तारीख हवी. सर्व्हरवर काय चढलं, हे चढवणाऱ्याखेरीज आणखी एकाने बघायलाच हवं.

घाईत मागे फिरणं

त्याच सकाळी दोष नव्या कोडमध्ये असेल असं समजून तो सात सर्व्हरवरून काढला गेला. मग तेही आठव्यासारखेच वागू लागले! बाजार उघडण्याआधी त्या चुकीकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल आपोआप गेले होते, पण ते धोक्याची सूचना म्हणून कोणी पाहत नव्हतं. मागे फिरण्याची तालीम आधीच करा, सगळं बंद करण्याचा अधिकार कोणाला ते ठरवा आणि असे मेल रोज वाचणारा माणूस नेमा.

चाचणी भलत्याच जागी

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहक नव्या प्लॅटफॉर्मवर हलवले. डेटा बरोबर पोचला, पण प्लॅटफॉर्म कोलमडला आणि लाखो लोकांना स्वतःचं खातं उघडता येईना. डेटा सेंटर दोन होती. काही महत्त्वाच्या चाचण्या एकाच ठिकाणी झाल्या होत्या. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला.

सगळ्यांना एकदम अपडेट

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आधी दहा मशीनवर टाका, एक दिवस थांबा, मग पुढे जा.

काउंटरवरची वही

नवी सिस्टीम चालू होऊनही लोक गुपचूप वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंदी ठेवतात. साहेब लोक त्याला ‘बदलाला विरोध’ म्हणतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. एका पतसंस्थेत कॅशियर मॅडमची अशी वही मी मागून घेतली. पिग्मी एजंटने पैसे गोळा केले त्या दिवसाची तारीख टाकायला नव्या सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नव्हता. ते फक्त भरण्याची तारीख धरत होतं. मॅडम ती तारीख रोज हाताने लिहून ठेवत होत्या. रकाना वाढवून घेतला, आणि पुढच्या आठवड्यात वही त्यांनी स्वतःच बंद केली.